सहा हजारांत डिजिटल चित्रकला: सांगलीतल्या एका विद्यार्थिनीची सॉफ्टवेअर निवड

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२४ च्या पावसाळ्यातलं. विद्यार्थिनी सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, राहायला मिरज तालुक्यातल्या एका गावात, रोज एसटीने ये-जा. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेल्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड. जलरंगावर आणि पोस्टर कलरवर हात बसलेला. लग्नसराईत मेंदीच्या ऑर्डरी घेऊन तिने सहा हजार रुपये बाजूला ठेवले होते. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव, शाळा काही देत नाही. बाकीचा तपशील घडला तसा आहे. विश्रामबागेत मी चित्रकलेचा क्लास घेतो, तिथे ती येत असे. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर काय विचार झाला ते मला जवळून पाहायला मिळालं.

तिच्या गावातल्या प्राथमिक शाळेच्या बाईंनी तिला एक काम दिलं होतं. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी कृष्णाकाठच्या प्राण्यापक्ष्यांची बारा गोष्टकार्डं: पुढे चित्र, मागे चार ओळींची गोष्ट. खंड्या, टिटवी, पाणकावळा, कासव, मगर वगैरे. आकार ए५, छपाई सांगलीतल्या एका प्रेसमध्ये, मुदत दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. बाईंना चित्रं संगणकावर काढलेली हवी होती, कारण कार्डं मुलांच्या हातात देऊन पाहिल्यावर बदल लागणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि कागदावरचं जलरंगातलं चित्र बदलायचं म्हणजे नवीनच काढावं लागतं.

अडचण

घरात चुलतभावाचा लॅपटॉप होता: आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. तिच्याकडे साधा अँड्रॉइड फोन. आणि सल्ले भरपूर. मैत्रीण म्हणाली आयपॅडशिवाय डिजिटल चित्र होतच नाही. भाऊ म्हणाला, "फोटोशॉप टाकून देतो, माझ्याकडं पेनड्राइव्हमध्ये आहे." प्रेसमधले ऑपरेटर म्हणाले, "ताई, कोरलमध्येच करा, आम्हाला सोपं पडतं." वडील तर पतसंस्थेतून कर्ज काढायला तयार झाले होते. "सर, हप्त्यावर घिऊ की आयपॅड. पोरीचं काम हाय," असं ते मला क्लासच्या दारात येऊन सांगून गेले. ऊस जायचा होता, बिल हातात यायला अजून अवकाश होता, आणि तरीही ते हे बोलत होते.

तिची स्वतःची अवस्था अशी की रोज रात्री तुलनेचे व्हिडिओ पाहायचे, सकाळी मत बदललेलं असायचं. कोणतं सॉफ्टवेअर सगळ्यात चांगलं, हाच प्रश्न ती सगळ्यांना विचारत होती. या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून माणूस त्यात अडकतो. मी तिला कागद दिला आणि तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: काम शेवटी कुठे जाणार, आज घरात कोणतं यंत्र आहे, आणि सहा हजारांतून पेन घेतल्यावर किती उरतात.

पेन हा शब्द मी मुद्दाम घातला. नवशिक्याच्या हिशेबात सॉफ्टवेअर पहिलं येतं आणि पेन विसरला जातो. माऊसने किंवा बोटाने रेघेची जाडी हाताच्या दाबाप्रमाणे बदलत नाही. मेंदीच्या कोनावर ज्या मुलीची बोटं इतकी तयार झालेली आहेत, तिच्या हातातला दाब वाया घालवायचा हे मला पटणारं नव्हतं. बिनपडद्याचा छोटा पेन टॅब्लेट (संगणकाला जोडायची, पेनने चित्र काढायची पाटी) त्या वेळी साधारण अडीच ते साडेतीन हजारांना मिळत होता. म्हणजे सॉफ्टवेअरला उरले जेमतेम तीन हजार.

पर्याय तपासताना

आयपॅड आणि प्रोक्रिएट. प्रोक्रिएट हे सॉफ्टवेअर महाग नाही, एकदाच पैसे भरायचे, दरमहा काही नाही. आयपॅड आधीच घरात असेल तर नवशिक्याने दुसरीकडे बघूही नये असं मी म्हणेन. पण ते फक्त आयपॅडवर चालतं. आयपॅड तेव्हा तीस हजारांच्या वर, पेन्सिल वेगळी सात-आठ हजारांची. सगळा खर्च यंत्राचा, तोही पहिल्या कामाचं मानधन हातात येण्याआधी. वडिलांशी मी सरळ बोललो: सहा महिन्यांनी हिच्याकडे सलग कामं येऊ लागली तर कर्जाचा विचार करू, आत्ता नको. ते लगेच मानले नाहीत. पोरीला कमी पडू नये ही त्यांची काळजी खरी होती.

पेनड्राइव्हमधलं फोटोशॉप. आपल्याकडे हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही चुकतंय असं कोणाला वाटत नाही. पण नकली प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणं हा कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब खाली गुन्हा आहे: किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण हिचं काम मानधनाचं होतं. दुसरं म्हणजे अशी प्रत बसवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्याच लॅपटॉपवर भावाचे बँकेचे व्यवहार होते. हे सांगितल्यावर भावानेच पेनड्राइव्हचा विषय काढायचा सोडला. अधिकृत फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीवरच मिळतात. एका कामासाठी दोन-तीन महिने भरता आले असते, पण वर्गणी थांबली की पुढच्या दुरुस्त्या कशात करायच्या? आणि दुरुस्त्या होणार हे तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

फोनवरचं आयबिस पेंट. फुकट, जाहिरातींसह. काही ब्रश उघडायला जाहिरात पाहावी लागते आणि ते १८ तास खुले राहतात. अनेक मुलं यावरच शिकतात आणि छान शिकतात. लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले, वेगवेगळे बदलता येणारे चित्राचे थर आहेत, हलणारी रेघ स्थिर करण्याची सोय आहे, चित्र थरांसकट पीएसडी या फोटोशॉपच्या फाइलमध्ये बाहेर काढता येतं. अडचण पडद्याच्या आकाराची: मगरीच्या पाठीवरचे खवले काढताना सारखं मोठं-लहान करत बसायचं आणि पूर्ण चित्राचा तोल नजरेसमोर राहत नाही.

क्लिप स्टुडिओ पेंट. जपानी कंपनीचं, कॉमिक्सवाल्यांचं लाडकं. संगणकासाठी एकदाच पैसे भरून मिळतं, साधी प्रो आवृत्ती तेव्हा चार-पाच हजारांच्या आसपास. चाचणीची मुदत फुकट.

क्रिटा. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या समूहातून आलेलं, देणग्यांवर आणि काही ऑनलाइन ॲप-स्टोअरमधल्या विक्रीवर चालणारं. संकेतस्थळावरून उतरवलं तर पैसे लागत नाहीत. तिला शंका होती की फुकटच्या सॉफ्टवेअरवर काढलेलं चित्र विकता येतं का. येतं. परवाना सॉफ्टवेअरच्या कोडबद्दल आहे, चित्र पूर्णपणे काढणाऱ्याचं. तिच्या कामाच्या दृष्टीने मला मोलाची वाटलेली गोष्ट वेगळी होती: क्रिटात छपाईच्या चार शायांच्या, म्हणजे सीएमवायके, रंगांत काम करता येतं आणि पडद्यावरच छपाईचा अंदाज पाहता येतो.

मेडिबँग पेंट हलकं आहे म्हणून यादीत घेतलं. गिम्प घेतलं नाही. फोटो सुधारायला ते उत्तम, पण हिला कोऱ्या कागदावरून सुरुवात करायची होती. कोरल ड्रॉ हे रेघा-आकारांचं सॉफ्टवेअर, जलरंगाच्या पोताचं नव्हे. ऑपरेटरकाकांची सोय होणार होती, तिचा हात मात्र तिथे बांधला गेला असता.

निवड कशी झाली

व्हिडिओ पाहणं तिने बंद केलं. क्लासमधला जुना पेन टॅब्लेट आठ दिवस घरी नेला आणि एकच चित्र, काठीवर बसलेला खंड्या, चार ठिकाणी काढलं: आयबिस पेंट, मेडिबँग, क्लिप स्टुडिओची चाचणी आवृत्ती आणि क्रिटा. आकार तोच, संदर्भाचा फोटो तोच. प्रत्येक वेळी वहीत लिहायचं: सुरू व्हायला किती वेळ, रेघ पेनच्या मागे राहते का, कुठे अडखळलं, आणि सोडताना मन कसं होतं. नवशिक्याने सॉफ्टवेअर निवडावं तर असंच. चारही चित्रं शेजारी ठेवल्यावर बोलायला फार उरत नाही.

वहीतून असं दिसलं. मेडिबँग सगळ्यात चटकन उघडलं, त्या लॅपटॉपवर पळालंसुद्धा, पण तिला हवा तसा ओल्या रंगाचा पसरटपणा त्यात सापडला नाही. क्लिप स्टुडिओतल्या रेघा सगळ्यात देखण्या आल्या. ती म्हणाली, "सर, रेघ तर हीच पाहिजे." क्रिटातले जलरंगाचे ब्रश तिच्या हाताला लगेच ओळखीचे वाटले, पण रेघ मागे राहत होती आणि दाब तर लागतच नव्हता.

इथे पहिला खरा निर्णय होता. क्लिप स्टुडिओ घ्यायचं तर सहा हजारांत पेन टॅब्लेट बसत नव्हता. क्रिटा घ्यायचं तर आधी ते या लॅपटॉपवर नीट चालतं का हे पाहायला हवं होतं. आम्ही एक संध्याकाळ सेटिंगवर घालवली. दाब लागत नव्हता कारण टॅब्लेटचा ड्रायव्हर (तो संगणकाशी जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) एका पद्धतीने बोलत होता आणि क्रिटा दुसऱ्या. टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅबऐवजी विंडोज इंक निवडून क्रिटा पुन्हा सुरू केलं आणि दाब आला. रेघ मागे राहत होती त्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये ओपनजीएलऐवजी डायरेक्ट थ्रीडी निवडलं. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर याने बराच फरक पडतो. क्रिटाला वाईट म्हणून काढून टाकणारे कित्येक नवशिके या दोन सेटिंगपर्यंत पोचलेलेच नसतात, याची मला हळहळ वाटते.

तरी लॅपटॉप अधूनमधून गोठत होता. कारण तिच्या नव्या फाइलच्या आकारात सापडलं. एका व्हिडिओत ऐकून तिने ए३ आकार, ६०० डीपीआय (दर इंचाला ६०० ठिपके) ठेवलं होतं. हिशेब फळ्यावर मांडला. ए३ ला ६०० डीपीआय म्हणजे ७०१६ गुणिले ९९२१ ठिपके. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर पूर्ण भरलेल्या एका लेयरला जवळपास २८० एमबी. विंडोज स्वतःच निम्मी रॅम खातं, मग दहा लेयर कुठे मावणार? तिच्या कार्डाला ए५ आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), म्हणजे १५४ गुणिले २१६ मिमी, ३०० डीपीआयला १८१९ गुणिले २५५१ ठिपके. एका लेयरला १९ एमबीच्या आत. त्याच लॅपटॉपवर वीस लेयर आरामात चालले. नवीन संगणक लागतो असं वाटतं तेव्हा पुष्कळदा फाइल योग्य मापाची करणं पुरतं.

निर्णय झाला: चित्राला क्रिटा, मागच्या मजकुराला इंकस्केप हे रेघा-आकारांचं सॉफ्टवेअर, दोन्ही विनामूल्य. तीन हजारांच्या आत छोटा पेन टॅब्लेट, उरलेल्यातून ४ जीबीची आणखी एक रॅम. रॅम घेण्याआधी लॅपटॉपमध्ये दुसरा खाचा आहे का आणि कोणत्या प्रकारची रॅम बसते हे दुकानात उघडून पाहून घेतलं. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आत बसलं.

काम सुरू झाल्यावर

बिनपडद्याच्या टॅब्लेटवर हात खाली आणि नजर समोर. पहिले पंधरा-वीस दिवस ती रडकुंडीला आली होती. या काळात मी तिला कार्डाचं काम करू दिलं नाही. रोज अर्धा तास फक्त वर्तुळं, समांतर रेघा आणि मेंदीची नक्षी. मेंदीची नक्षी ही तिची कल्पना, आणि तीच कामाला आली, कारण ती नक्षी हाताला पाठ होती. रेघ स्थिर करण्याची सोय क्रिटात आहे, ती तिने मध्यम ठेवली. फार वाढवली तर रेघ गुळगुळीत होते पण तिच्या हाताची राहत नाही.

ब्रश गोळा करण्याचा मोह झाला, तो रोखला. बारा कार्डं तिने चार ब्रशवर काढली: एक पेन्सिल, एक शाई, दोन जलरंग. एसटीत फोनवर आयबिसमध्ये कच्ची रेखाटनं करायची, पीएसडी करून लॅपटॉपवर आणायची आणि क्रिटात उघडायची, ही वाट तिने स्वतःच काढली. जे पर्याय मागे पडले त्यातलाही एक असा उपयोगी ठरला.

छपाईशी गाठ

दुसरा मोठा निर्णय रंगांचा. पडदा लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशातून (आरजीबी) रंग दाखवतो, छपाई चार शायांतून (सीएमवायके). खंड्याच्या पाठीचा तो चमकता निळा पडद्यावर दिसतो तसा चार शायांत येत नाही. सुरुवातीपासून सीएमवायकेत रंगवायचं की आरजीबीत रंगवून शेवटी बदलायचं? आम्ही दुसरा मार्ग घेतला. आरजीबीत काम, आणि क्रिटातला सॉफ्ट प्रूफ (छपाईचा पडद्यावरचा अंदाज) कोटेड, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदाच्या फोग्रा३९ प्रोफाइलवर (त्या कागदावर रंग कसे उतरतात याच्या नोंदीवर) लावून ठेवायचा. कंट्रोल आणि वाय दाबलं की छपाईचा अंदाज, शिफ्टची जोड दिली की न छापता येणारे रंग वेगळे उठून दिसतात. पहिल्यांदा ते दाबलं तेव्हा खंड्याची अख्खी पाठ इशाऱ्याच्या रंगाने भरली. तिने निळा शांत केला आणि मागचं पाणी पिवळसर मातकट केलं. पावसाळ्यातली कृष्णा असतेही तशीच. शेजारच्या मातकट रंगामुळे तोच निळा पुन्हा जिवंत दिसू लागला. ही समज तिच्याकडे जलरंगातून आलेली होती.

मागच्या मजकुराने मात्र गाठ पाडली. प्रेसमध्ये जुन्या पद्धतीचे मराठी फाँट, हिचा मजकूर युनिकोडमध्ये. फाइल तिकडे उघडली की अक्षरांच्या जागी भलतंच काही. इंकस्केपमध्ये मजकुराचं पाथमध्ये रूपांतर केल्यावर तो प्रश्न मिटला, कारण मग अक्षर हा फाँट न राहता नुसता आकार असतो. फाँट म्हणून ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ घेतला होता, खुल्या परवान्याचा, पहिलीच्या मुलांना वाचायला मोकळा. पण पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे नमुना छपाईत, बारीक काळ्या अक्षरांच्या कडेला लाल-निळी सावली दिसली. आरजीबीतला काळा सीएमवायकेत बदलताना चारही शायांत वाटला गेला होता, आणि चार शाया केसभर जरी सरकल्या तरी बारीक अक्षर फाटतं. ऑपरेटरकाकांनी फाइल कोरलमध्ये घेऊन सगळा मजकूर शंभर टक्के नुसत्या काळ्या शाईत केला. त्यांना पाच मिनिटं लागली. शेजारी उभं राहून तिने ते वहीत उतरवून घेतलं.

निष्पत्ती

कार्डं दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत पोचली. बाईंनी दोन कार्डांत बदल सांगितले: मुलं टिटवीला कोंबडी म्हणत होती, आणि मगर फार भीतीदायक झाली होती. टिटवीचे पिवळे पाय लांब केले, चोचीजवळची लाल कातडी ठळक केली. मगरीचा जबडा मिटवला. वेगवेगळे लेयर असल्याने दोन्ही बदल एका दुपारी झाले. मानधनातून तिने खर्चाची रक्कम पुन्हा बाजूला ठेवली. वडिलांनी कर्ज काढलं नाही.

क्रिटाबद्दल तिच्या दोन तक्रारी राहिल्या. मजकुराची सोय तिला अवघड वाटते, त्यामुळे दोन सॉफ्टवेअरमध्ये ये-जा करावी लागते. आणि मोठा ओला ब्रश फिरवला की तो लॅपटॉप अजूनही थांबतो. क्लिप स्टुडिओतली रेघ तिला आठवते. पुढे कॉमिक्सचं काम आलं तर ते घ्यावं असं माझंही मत आहे.

काय वेगळं करता आलं असतं

प्रेसमध्ये जाऊन चौकशी पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती, प्रूफच्या वेळी नव्हे. कोणती फाइल चालते, ब्लीड किती, मजकूर कसा हवा, कागद कोटेड की साधा, एवढं आधी कळलं असतं तर फाँटमध्ये गेलेले चार दिवस वाचले असते. एक कार्ड पूर्ण करून त्याच कागदावर आधी छापून पाहिलं असतं तर काळ्या अक्षरांचा प्रश्न बारा कार्डं होण्याआधीच दिसला असता.

रॅमपेक्षा आधी हार्ड डिस्क बदलून एसएसडी घेणं कदाचित जास्त फायद्याचं ठरलं असतं. लॅपटॉप सुरू व्हायला आणि फाइल जतन व्हायला लागणारा वेळ त्या जुन्या डिस्कमुळेच होता. दोन्ही एकदम परवडत नव्हतं, आणि आम्ही रॅम निवडली. तिच्या जागी कमी लेयर वापरणारं कोणी असतं तर मी एसएसडी आधी सुचवली असती. आणि घरात लॅपटॉप मुळीच नसता तर ओटीजी केबलने अँड्रॉइड फोनला जोडता येणारा पेन टॅब्लेट पाहून घेतला असता. सगळे टॅब्लेट आणि सगळे फोन एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून घेण्याआधी दुकानात स्वतःचा फोन जोडून पाहावा.

चित्रांची दुसरी प्रतही उशिरा सुरू झाली. सहा कार्डं होईपर्यंत सगळं त्या एकाच जुन्या डिस्कवर होतं. आता रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर प्रत जाते.

सध्या शाळेने तिला वर्गाच्या भिंतीसाठी ए२ आकाराची चार भित्तिचित्रं सांगितली आहेत. लॅपटॉपला झेपेल का ही तिची पहिली शंका होती. भिंतीवरचं चित्र हातभर अंतरावरून पाहायचं, तिथे १५० डीपीआय पुरतं, आणि १५० डीपीआयला ए२ म्हणजे २४८० गुणिले ३५०८ ठिपके, जेवढे ३०० डीपीआयच्या ए४ ला लागतात. एका लेयरला ३५ एमबी. हा हिशेब तिने स्वतःच केला आणि कागद, ब्लीड, फाइल विचारायला या वेळी आधी प्रेसमध्ये जाऊन आली.